एक लाख नव्वद हजारांची गाडी खरोखर केवढ्याला पडते?

प्रश्न : मी वडगाव बुद्रुक येथे राहतो. वय ४७, एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. कार्यालयात स्कूटरने जातो आणि पुढेही तसाच जाणार आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली असून तिला महिन्यातून दोनदा वाईजवळच्या आमच्या गावी न्यावे-आणावे लागते. एसटीची पायरी तिला आता चढवत नाही. मेव्हण्यांच्या ओळखीत नोव्हेंबर २०११ मध्ये नोंदणी झालेली डिझेलची डिझायर १ लाख ९० हजारांना मिळते आहे. पहिलाच मालक, ६८ हजार किलोमीटर, ‘अगदी घरातल्यासारखी वापरलेली’. दुसरीकडे जुन्या गाड्यांच्या एका दुकानात २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ७५ हजारांना आहे. माझ्याजवळ अडीच लाख रुपये शिल्लक आहेत. इतक्या जुन्या गाडीत पैसे घालणे शहाणपणाचे ठरेल का? घरात एकमत होत नाही आणि मेव्हणे उत्तराची वाट पाहत आहेत.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा मला नोंदणीच्या महिन्याचा वाटला. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यामुळे नोव्हेंबर २०११ ची ही डिझायर नोव्हेंबर २०२६ मध्ये मुदतीच्या टोकाला येते. पुढील पाच वर्षांचे नूतनीकरण, ज्याला गॅरेजवाले आणि एजंट री-पासिंग म्हणतात, ते आपल्यालाच करून घ्यावे लागणार आहे. एवढ्यावरून गाडी टाकाऊ ठरत नाही. मात्र किंमत सांगताना विकणाऱ्याने हा खर्च आणि ही दगदग हिशेबात धरलेली दिसत नाही, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो : या किमतीला ही गाडी घेऊ नये. का घेऊ नये, कोणत्या किमतीला घेता येईल आणि तिच्याऐवजी काय करता येईल, ते पुढे सविस्तर लिहितो.

री-पासिंगचे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्याशिवाय १५ वर्षे पूर्ण केलेल्या खासगी गाडीवर महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो, आणि मुदत उलटली तर मोटारीला दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क लागते. सरकारी खर्च एवढाच. तो कोणाच्याही आवाक्यातला आहे. खरा खर्च गाडी निरीक्षकासमोर उभी करण्यापूर्वी होतो, कारण दिवे, ब्रेक, टायर, धूर, पत्रा हे सारे त्या दिवशी ठीक असावे लागते आणि १५ वर्षांच्या गाडीत यातले काही ना काही राहिलेलेच असते. शिवाय २० वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर नेलेले आहे, म्हणजे २०३१ नंतर ही गाडी ठेवणे सरकारलाही फारसे मान्य नाही, असाच त्याचा अर्थ. आपण ही गाडी घेतलीत तर पाच वर्षांसाठी घेत आहात, त्यापलीकडचे धरू नका.

येथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो घरातल्या चर्चेत निघाला असणार. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, असे आपण बातम्यांतून वाचता ते दिल्ली आणि तिच्या परिसराबाबत आहे. पुण्यात तसा नियम नाही. पुण्यात धुराच्या प्रदूषणाची बीएस-४ मानके एप्रिल २०१० पासून लागू झाली, म्हणून येथेच नव्याने नोंदलेली २०११ ची गाडी त्या मानकांची असायला हवी. दिल्लीच्या निर्बंधांचा आपल्याकडे होणारा परिणाम वेगळाच आहे : तिकडच्या स्वस्त डिझेल गाड्या एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, घेऊन इकडे विकायला येतात, त्यांना महाराष्ट्रात नव्याने नोंदणी आणि कर भरावा लागतो, आणि त्या ‘एमएच’ क्रमांकाच्या होईपर्यंत त्यांतला स्वस्तपणा बराचसा संपलेला असतो. तशी एखादी गाडी आपल्यापुढे आली तर तिच्या वाटेला जाऊ नये.

आता हिशेब मांडू. आपला तो रोजचाच उद्योग असल्याने मी ढोबळ आकडे देतो, बारीक आपण बसवा. वडगावहून वाईजवळच्या गावी जाऊन येणे म्हणजे सुमारे १८० किलोमीटर. महिन्याच्या अशा दोन फेऱ्या, आणि दवाखाना, लग्नकार्य, मंडई असे शहरातले फिरणे धरले तर वर्षाला ६,००० किलोमीटर होतात. डिझायर जुनी असली तरी लिटरला १८ चे अ‍ॅव्हरेज देईल, डिझेल नव्वदीच्या घरात धरले तर इंधनावर वर्षाला ३० हजार खर्च होतील. पेट्रोल हॅचबॅक १५ चे अ‍ॅव्हरेज देईल आणि पेट्रोल १०४ च्या आसपास धरले तर ४२ हजार होतील. म्हणजे डिझेलचा सगळा फायदा वर्षाला १२ हजारांचा. जो माणूस रोज चाकण किंवा रांजणगाव गाठतो त्याला डिझेल परवडते; महिन्याला ५०० किलोमीटर चालवणाऱ्याला ते परवडत नाही, कारण डिझेल इंजिनचे इंजेक्टर, टर्बो आणि हाय-प्रेशर पंप यांपैकी एकाचे काम निघाले तरी दोन-तीन वर्षांची इंधनातली बचत एका बिलात जाते.

डिझायरसाठी १ लाख ९० हजार दिल्यावर चार टायर, बॅटरी, सर्व तेले आणि फिल्टर, सस्पेन्शनचे बुश, बहुधा क्लच प्लेट, गाडी नावावर करण्याचा खर्च, विमा आणि री-पासिंग यांना मिळून मी ६० हजार धरतो. झाले अडीच लाख; आपली सारी शिल्लक पहिल्या काही महिन्यांतच संपली. पाच वर्षांनी ही गाडी २० वर्षांची होईल आणि तिचे फार तर ५० हजार येतील, म्हणजे वर्षाला ४० हजारांची घट. त्यात दुरुस्तीचे २५ हजार, विमा आणि पीयूसीचे ६ हजार व इंधनाचे ३० हजार मिळवले की वर्षाचा आकडा १ लाखाला टेकतो.

हॅचबॅकसाठी ३ लाख ७५ हजार आणि वर सुरुवातीचे २५ हजार, असे ४ लाख धरू. पाच वर्षांनी ती १३ वर्षांची असेल आणि तिचे पावणेदोन लाख यायला हरकत नाही. वर्षाची घट ४५ हजार. दुरुस्ती १५ हजार, विमा ९ हजार, इंधन ४२ हजार. आपण शिल्लकीतले ५० हजार अडीनडीसाठी बाजूला ठेवून २ लाखांचे कर्ज घेतलेत, आणि जुन्या गाडीच्या कर्जाला नव्यापेक्षा व्याज जास्त असते म्हणून ते १४ टक्के धरले, तर तीन वर्षांचा हप्ता ६,८०० च्या आसपास येईल आणि एकूण व्याज सुमारे ४६ हजार जाईल, म्हणजे पाच वर्षांवर पसरले तर वर्षाला ९ हजार. सगळे मिळून वर्षाला १ लाख २० हजार.

किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक असलेल्या या दोन गाड्या वापरताना वर्षाला अवघ्या २० हजारांच्या फरकाने पडतात. आणि हा फरकही डिझायरच्या दुरुस्तीचा माझा अंदाज खरा ठरला तरच. चारही इंजेक्टरांचे काम निघाले तर तो दोन वर्षांत नाहीसा होईल. ‘स्वस्तात मिळते आहे’ हे मेव्हण्यांचे म्हणणे खरेदीच्या दिवसापुरते बरोबर आहे.

डिझायरच्या बाजूचेही सांगायला हवे. तिचे १२४८ सीसीचे इंजिन मूळ फियाटचे. मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही गाड्यांत ते वर्षानुवर्षे बसत होते आणि आपल्या जवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर डिझेल बंद केले, तरी या इंजिनचे सुटे भाग नाना पेठेत आजही मिळतात आणि ते खोलून बसवणारे हात पुण्यात गल्लोगल्ली आहेत. जुनी गाडी घेताना हा मुद्दा लोक विसरतात. दिसायला ऐटबाज, पण कंपनीच भारतातून निघून गेलेली, अशी एखादी सेडान याच किमतीत मिळते आणि मग हेडलाइटच्या एका काचेसाठी माणूस बुधवार-रविवार जुन्या बाजारात फिरत राहतो. आपल्याला ती वेळ येणार नाही.

मला अधिक शंका येते ती ६८ हजार किलोमीटरच्या आकड्याची. चौदा वर्षांत ६८ हजार म्हणजे महिन्याला जेमतेम ४०० होतात. २०११ मध्ये पेट्रोलपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून डिझेल गाडी घेणारा माणूस सहसा भरपूर फिरणारा असे, म्हणून इतके कमी चालणे मुळात विसंगत आहे. एक शक्यता अशी की मीटर मागे केलेला आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले असेल, स्टिअरिंगची वरची कड हाताने चकाकत असेल आणि चालकाच्या सीटची दाराकडची बाजू दबलेली असेल, तर ती गाडी ६८ हजारांची नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद निघते. मालकाला ती आपल्यासमोर काढायला सांगावी. दुसरी शक्यता अशी की मालक खरे बोलत आहेत आणि गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभीच राहिली. पुण्यात अशा गाड्या पुष्कळ. त्याला लोक कौतुकाने ‘जपलेली’ म्हणतात, परंतु उभ्या गाडीची बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, ब्रेक धरून राहतात, इंधनाच्या टाकीत पाणी साचते आणि बॉनेटखाली उंदीर वायरिंग कुरतडतात. मला तर महिन्याला हजार किलोमीटर चाललेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली लाखभर किलोमीटरची गाडी अधिक भरवशाची वाटते.

टायरचे वय मालकाला विचारण्याची गरज नसते. टायरच्या बाजूवर एका लांबट गोलात चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही ताजी दिसली तरी इतक्या जुन्या टायरांवर खंबाटकी घाट उतरू नये. पाचवा, डिकीतला टायरही असाच पाहावा, कारण कमी चाललेल्या गाडीत तो बहुधा मूळचाच असतो आणि त्यावरून बाकीचे कधी बदलले याचा अंदाज येतो.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तो कोमट लागला तर गाडी आपल्यासाठी ‘तयार’ करून ठेवलेली आहे. थंड इंजिन एका स्टार्टरमध्ये उचलते का, पहिल्या मिनिटात खडखड किती होते, मागून येणारा धूर कोणत्या रंगाचा आहे, हे सारे त्याच वेळी कळते. सुरुवातीला किंचित पांढुरका धूर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा झोत आला तर इंजेक्टर किंवा एअर फिल्टरचे काम आहे, आणि निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजून तेथेच आभार मानून निघावे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहण्याची मेकॅनिक मंडळींची पद्धत आहे : तोंडातून वाफेचे जोरदार फुत्कार येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात आणि लवकरच इंजिनचे काम निघणार असते.

त्यानंतर गाडी जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापर्यंत न्यावी, चार माणसे बसवून आणि एसी लावून. सपाट रस्त्यावर चांगली वाटणारी गाडी चढावर खरी कळते. पिकअप मरतो का, क्लच सरकतो का, म्हणजे इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही असे होते का, आणि तापमानाचा काटा मध्याच्या वर जातो का, एवढे पाहिले तरी पुरे. ब्रेकची परीक्षा मात्र परतीच्या वाटेवर रिकाम्या, सपाट जागी घ्यावी. नवले पुलाच्या उतारावर, मागे अवजड वाहने असताना, असले प्रयोग करू नयेत.

एवढे आपणही करू शकता, तरी अखेरचा शब्द विकणाऱ्याशी काही संबंध नसलेल्या मेकॅनिकचा असू द्या. गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहण्याचे आणि स्कॅनर लावून बघण्याचे तो हजार-दीड हजार घेईल आणि ते पैसे वाया जात नाहीत. त्याला विशेषतः तीन गोष्टी विचाराव्यात : अपघातात सापडून खालची चासी ओढून सरळ केलेली आहे का, पत्रा खालून गंजला आहे का, आणि पुढच्या वर्षभरात कोणते मोठे काम निघेल. गंजाचे विशेष एवढ्यासाठी की गाडी मधली काही वर्षे मुंबईत किंवा कोकणात राहिलेली असेल तर वरचा रंग चमकत असतानाच खालचा पत्रा खारट हवेने खाल्लेला असतो.

दुकानातल्या हॅचबॅकला वेगळे डोळे लागतात. तिचा मालक समोर नसतो, ती धुऊन-पुसून चकचकीत केलेली असते. आपण सिंहगड रस्त्याचे रहिवासी असल्याने जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झाले ते आपण पाहिलेच असेल. तशा पाण्यात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात निघतात आणि दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. ओळखण्याची साधी युक्ती अशी की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. सीटची कव्हरे नवी घालतात, कार्पेट बदलतात, पण रिळात गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. चालकाच्या सीटखालचे लोखंडी रूळ आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यातले कोपरेही पाहावेत. तिथे वाळलेला चिखल किंवा ताजा काळा रंग दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी नको.

तिचे मॉडेल कोणते यापेक्षा व्हेरिएंट कोणते, म्हणजे त्याच मॉडेलचा कमी-जास्त सोयींचा कोणता प्रकार, हे आधी विचारा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबले तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा, सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग तर सरसकट २०२१ च्या अखेरीस. म्हणजे २०१८ च्या सर्वांत स्वस्त व्हेरिएंटमध्ये यातले काहीही नसण्याचा संभव आहे. आई पुढच्या सीटवर बसणार असेल तर दोन्ही एअरबॅग असलेले व्हेरिएंट शोधावे, त्यासाठी २०-२५ हजार जास्त द्यावे लागले तरी चालतील. डिझायरच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा. २०११ मध्ये एअरबॅग वरच्या व्हेरिएंटला मिळत.

पेट्रोल गाडीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यासाठी योग्य भाग वापरलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. २०१८ ची गाडी त्यावर चालते, पण अ‍ॅव्हरेज थोडे कमी होते आणि इंधनाच्या रबरी नळ्या व गास्केट यांच्यावर नजर ठेवावी लागते. म्हणून मी वर १५ चे अ‍ॅव्हरेज हात राखून धरले आहे.

दुकानदाराने सांगितलेले ३ लाख ७५ हजार अंतिम मानू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की जुनीची किंमत उतरायला हवी, हे दुकानदारांना ठाऊक असते पण पाटीवर ते उशिरा दिसते. त्याच कंपनीच्या आजच्या नव्या गाडीचे कोटेशन हातात घेऊन जावे आणि साडेतीन लाखांपासून बोलणी सुरू करावीत.

मात्र या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करा : दोन्ही गाड्या पाहायला आईंना सोबत न्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सीट किती उंच आहे याने फार फरक पडतो. डिझायरसारख्या सेडानमध्ये माणूस खाली उतरून बसतो आणि बाहेर येताना गुडघ्यांवर सारा भार देऊन उठतो. उंच बांध्याच्या हॅचबॅकमध्ये तो कडेवर टेकून नुसता आत वळतो. उलट डिझायरची डिकी मोठी, वॉकर न दुमडता राहील. त्यांना चारदा बसायला-उतरायला सांगा, पुढेही आणि मागेही. त्यांना जी गाडी जड गेली ती यादीतून काढून टाकावी, कारण गाडी ज्यांच्यासाठी घेतो आहोत त्यांनाच नकोशी झाली तर बाकीचा हिशेब व्यर्थ आहे.

गाडी न घेण्याचा पर्यायही पत्रात नव्हता, तो मी मांडतो. चालकासह भाड्याच्या गाडीला बाहेरगावी किमान २५० ते ३०० किलोमीटरचे पैसे लागतात. भत्ता धरून वाईच्या एका फेरीचे ४ हजार समजा. वर्षाच्या २४ फेऱ्यांचे ९६ हजार होतात, शहरातल्या रिक्षा वेगळ्या. म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या नक्की असतील तरच स्वतःची गाडी बरोबरीला येते आणि हवी तेव्हा निघण्याची सोय वर मिळते. फेरी महिन्याला एकच होणार असेल, किंवा आई वर्षा-दोन वर्षांत पुण्यातच स्थिरावतील असे घरात ठरत असेल, तर भाड्याचे जेमतेम ५० हजार होतील आणि कोणतीही जुनी गाडी घेणे तोट्याचे ठरेल. हे आपणच ठरवू शकता, मी नाही.

राहिला प्रश्न मेव्हण्यांचा. त्यांना नकार देण्याऐवजी मेकॅनिकचा लेखी अंदाज दाखवावा आणि म्हणावे की टायर, क्लच, री-पासिंग धरून मला ही गाडी १ लाख २५ हजारांच्या वर परवडत नाही. गाडी खरोखर चांगली निघाली, मीटरचा आकडा कागदांशी जुळला आणि मालक एवढ्याला तयार झाले, तर तीही घ्यायला हरकत नाही. तेव्हा वर्षाचा खर्च ९० हजारांच्या खाली येतो आणि दगदग सोसण्याला काही अर्थ राहतो. तयार झाले नाहीत तर ते आपणहून दुसरे गिऱ्हाईक पाहतील आणि नात्यात वाईटपणा येणार नाही. मात्र ओळखीतला व्यवहार म्हणून ‘पैसे आता घ्या, कागद सवडीने करू’ असे कोणी म्हटले तर साफ नाही म्हणावे.

कागदांत परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा पाहून घ्यावा. बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकलेले ई-चलन विकणाऱ्याने भरावेत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या दोन्ही गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, लागते आणि ती नसेल तर आरटीओत मालकी हस्तांतरणाचे काम अडते. मोटारीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे रक्कम क्षुल्लक, पण तारीख मिळायला दिवस जातात. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदलेली एमएच-१२ ची गाडी तिथेच आपल्या नावावर होईल, क्रमांक एमएच-१४ चा, म्हणजे पिंपरी-चिंचवडचा, असेल तर विकणाऱ्याला आधी एनओसीचे काम करावे लागेल. सह्या झाल्यावर १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता अपेक्षेपेक्षा जास्त आला तर चकित होऊ नये. आणि मेव्हण्यांच्या मित्राला हेही सांगा की नोंदणीत नाव ज्याचे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मग कागद लवकर करण्याची घाई त्यांनाच होईल.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून, मीटरचा आकडा टाकून दोघांनी सही केलेली पावती करावी, दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात आणि जुना फास्टॅग मालकाला त्यांच्या बँकेतून बंद करायला लावून आपला नवा घ्यावा. नाहीतर आपण वाईला निघालात की खेड-शिवापूरच्या नाक्यावर पैसे त्यांच्या खात्यातून वळते होतील आणि संध्याकाळी मेव्हण्यांचा फोन येईल.